जवारी लागलेला कान: जगभरचं नवं एक्स्ट्रीम मेटल ऐकायला शिकताना

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत माझे एक मामा तंबोऱ्याची जवारी लावतात. (ही जवारी शाळूची नव्हे आणि जवारी कोंबडीतलीही नव्हे. आमच्या भागात हा शब्द तीन ठिकाणी राबतो.) तंबोऱ्याची तार घोडीवर नुसती टेकलेली नसते. घोडीच्या रुंद, जराशा उतरत्या पाठीला ती घासत थरथरते, आणि त्या घासण्यातून एका सुराला आणखी सूर फुटतात. तीच जवारी. झंकार जास्त तर खुली, दबलेला तर बंद. घासणं किती हवं ते मामा ठरवतात. कानस दोनदा फिरवायची, तार चढवायची, छेडायची, डोळे मिटून ऐकायचं, नकारार्थी मान हलवायची, पुन्हा तार उतरवायची. एका घोडीला कधीकधी अख्खी दुपार जाते.

अशाच एका दुपारी मी त्यांना हेडफोन लावून स्वीडनच्या एन्टूम्ड या मेटल (रॉकची सर्वात जड, कर्कश शाखा) बँडचा १९९० चा अल्बम ऐकवला. शिव्या खायची तयारी होतीच. दोन मिनिटं ऐकून मामा म्हणाले, "जवारी लईच खुली ठेवलीय की रं. मुद्दाम ठेवलीय न्हवं?"

मुद्दामच. स्टॉकहोमच्या सनलाइट स्टुडिओत तो अल्बम झाला. गिटारचा आवाज बॉस कंपनीच्या एचएम-२ नावाच्या तळहाताएवढ्या पेडलमधून (पायाने दाबायची, गिटारचा आवाज बदलणारी पेटी) नेला, आणि पेडलचे चारही नॉब शेवटपर्यंत पिळले. सिग्नल असा मर्यादेबाहेर ढकलला की लाटेची टोकं कापली जातात आणि मूळ सुरावर नवे उपरिसूर चढतात. घोडी जे काम हाडाने करते, ते पेडल विजेने करतं. त्या दिवसापासून नवख्या माणसाला मेटल समजावताना मी मामांपासूनच सुरुवात करतो. हा गोंगाट कोणीतरी कानसाने घासून, जाणूनबुजून आणलेला आहे, एवढं एकदा पटलं की पुढचं सोपं जातं.

हल्ली सांगलीच्या विश्रामबागेत माझ्याकडे कॉलेजची दोन-चार पोरं येतात. इन्स्टाग्रामवर तीस सेकंदांचा तुकडा ऐकलेला असतो आणि प्रश्न एकच असतो, "नवीन काय ऐकू?" त्यांना जे सांगतो तेच इथे क्रमाने लिहितोय.

१. आधी एकच गाणं, तीनदा

यादी मागू नका. एक गाणं घ्या आणि सलग तीनदा ऐका. मोबाइलच्या स्पीकरवर अजिबात नको, त्यात खालचे सूर गळून पडतात आणि उरते ती फक्त खरखर. साधे वायरवाले इअरफोन चालतील.

पहिल्या वेळी फक्त गिटार. गिटारवर पुन्हा पुन्हा येणाऱ्या तुकड्याला रिफ म्हणतात. बंदिशीला जसा मुखडा, तसा मेटलला रिफ. गाणं संपल्यावर एक तरी रिफ गुणगुणता आला पाहिजे. येत नसेल तर दोष तुमचा नसेलही. रिफच नसलेली गाणी या प्रकारात पोत्याने मिळतात.

दुसऱ्या वेळी ड्रम. इथे नवखे हमखास अडखळतात. ब्लास्ट बीट म्हणजे पायाचा बास ड्रम आणि हाताचा स्नेअर एकाआड एक, मिनिटाला दोनशे मात्रांच्या आसपासच्या लयीत किंवा त्याही पुढे, वर झांज अखंड चालू. ठोके मोजायला गेलात तर डोकं दुखेल. हलगीचा कडकडाट चढतो तेव्हा आपण एकेक टिपरू मोजत नाही, तो एक सलग पडदा होतो आणि आपण त्यावरच्या झोक्याबरोबर हलतो. इथेही तसंच करा. ठोके सोडा आणि त्यांच्या वरची गिटार कधी बदलते तेवढं पकडा. बऱ्याचदा ड्रम तुफान वेगात असतात आणि गिटारची चाल मात्र संथ असते. हा विरोध एकदा ऐकू आला की मग तो ऐकू न येणं शक्य नाही.

तिसऱ्या वेळी आवाज. "हे ओरडतात का?" हा प्रश्न मला आईपासून सलूनवाल्यापर्यंत सगळ्यांनी विचारलाय. ग्राउल, म्हणजे तो खोल गुरगुरता आवाज, काढताना गायक खऱ्या स्वरतंतूंच्या वर असलेल्या घड्या थरथरवतात आणि श्वास पोटातून देतात. नीट शिकलेला गायक तासभर असा गाऊन नंतर शांतपणे गप्पा मारतो. न शिकता नुसतं घशातून ओरडलात तर दुसऱ्या दिवशी चहासुद्धा खुणेने मागावा लागेल. मी तो प्रयोग केलेला आहे. आणि शब्द कळत नाहीत याचं फार वाटून घेऊ नका, इंग्रजी मातृभाषा असणाऱ्यांनाही कळत नाहीत. अल्बमच्या पानावर गीतं छापलेली असतात, समोर ठेवून ऐका.

२. घराणी, अगदी थोडक्यात

डेथ मेटल हे जड, खोल आणि गुंतागुंतीचं. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत फ्लोरिडामध्ये फोफावलं, पाठोपाठ स्वीडनमध्ये. ब्लॅक मेटल पातळ, कर्कश आणि थंड. गिटारची एकच तार सतत झरझर छेडलेली असते, सतारीचा 'झाला' (शेवटचं द्रुत वादन) आठवावा असं. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला नॉर्वेत त्याला आजचं रूप आलं. ग्राइंडकोर म्हणजे पंक आणि मेटलचा अपघात. बर्मिंगहॅमच्या नेपाम डेथचं १९८७ चं एक गाणं सव्वा सेकंदाच्या आसपास संपतं आणि सर्वात छोटं गाणं म्हणून त्याची गिनीज बुकात नोंद आहे. मामांच्या भाषेत ब्लॅक मेटल म्हणजे खुली जवारी आणि डेथ मेटल म्हणजे बंद जवारी (एन्टूम्डचा तो अल्बम डेथ मेटलच, पण अपवाद). यापेक्षा नेमकी व्याख्या मी अजून कुठे वाचलेली नाही.

डूम या चौथ्या घराण्याबद्दल मात्र जरा थांबून बोलावंसं वाटतं. ब्लॅक सॅबथचा गिटारवादक टोनी आयोमी बर्मिंगहॅममध्ये पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. मशिनमध्ये उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं गेली. तो डावखुरा, म्हणजे नेमकी तार दाबायचीच बोटं. त्याने प्लॅस्टिकची टोपणं वितळवून बोटांसाठी टोप्या बनवल्या, बोटाला त्रास कमी व्हावा म्हणून हलक्या तारा लावल्या, आणि पुढे तारा सैल सोडून गिटार खाली उतरवली. तो जड, खालचा आवाज पुढे सगळ्या मेटलचा पाया झाला. कुपवाड एमआयडीसीत प्रेसवर बोट गमावलेला माणूस आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिलेला असतो. त्यामुळे हे संगीत परदेशातल्या बिघडलेल्या श्रीमंत पोरांचं आहे असं कोणी म्हटलं की मला राग येतो.

डूम म्हणजे विलंबित. मीरासाहेब दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मृतीत रात्ररात्र गाणं होतं. तिथे लहानपणी पेंगत का होईना बसलेल्या मिरजकराला संथ लयीचं भय नसावं.

३. पाच अल्बम, याच क्रमाने

हे पाचही गेल्या आठ-दहा वर्षांतले आहेत. एका आठवड्याला एकच. रोज नवा ऐकलात तर महिन्याअखेर कव्हरांची चित्रं तेवढी लक्षात राहतील.

पहिला मुंबईचा. डेमॉनिक रिझरेक्शन हा बँड साहिल मखिजा यांनी २००० मध्ये सुरू केला. त्यांचा २०१७ चा 'दशावतार' मत्स्यापासून कल्कीपर्यंत जातो. गोष्ट माहीत असल्यामुळे हात धरायला काहीतरी मिळतं. शिवाय ग्राउलच्या जोडीला साधं गाणं आणि कीबोर्ड असल्याने कानाला मध्ये मध्ये सावली मिळते. कट्टर लोक नाक मुरडतील, मुरडू द्या. ही पायरी आहे, गाभारा नव्हे.

दुसरा, चेपांग. न्यू यॉर्कमध्ये राहणाऱ्या नेपाळी स्थलांतरितांचा ग्राइंडकोर बँड, गाणी नेपाळीत. २०१७ च्या पहिल्या अल्बमचं नाव 'डढेलो', म्हणजे वणवा. तो आवडला तर २०२३ चा 'स्वाट्ट' घ्या. गाणी इतकी छोटी की चहा उकळेपर्यंत पाच-सहा होतात. देवनागरीत लिहिली जाणारी भाषा या वेगात ऐकताना अधूनमधून ओळखीचा शब्द चमकून जातो. मला या प्रकारात तेवढ्यानेही घरी आल्यासारखं वाटलं.

तिसरा, ब्लड इन्कँटेशनचा २०२४ चा 'अ‍ॅब्सोल्यूट एल्सव्हेअर'. अमेरिकेतल्या डेन्व्हरचा बँड. छोट्या लेबलांवरून (लेबल म्हणजे अल्बम काढणारी कंपनी) वर आलेला, आता मोठ्या लेबलवर आहे, त्यामुळे "हे कसले अंडरग्राउंड" असा वाद घालायचा असेल तर खुशाल घाला. अख्ख्या अल्बममध्ये दोनच गाणी, प्रत्येकाचे तीन भाग. मध्येच डेथ मेटल विरतं आणि सत्तरच्या दशकातल्या सिंथेसायझरसारखं तरंगतं संगीत सुरू होतं. एका भागात जर्मनीच्या टँजरिन ड्रीम या इलेक्ट्रॉनिक गटाचा वादकच पाहुणा म्हणून येतो. नवख्याला हा अल्बम अवघड जाईल असं मला वाटायचं. उलटंच घडलं. माझ्याकडे येणाऱ्या पोरांपैकी शास्त्रीय शिकणाऱ्या एकीला सगळ्यात आधी हाच पचला, कारण वीस मिनिटं एका गोष्टीबरोबर बसायची तिला सवय होती.

चौथा, न्यूझीलंडच्या अल्सरेटचा २०२४ चाच 'कटिंग द थ्रोट ऑफ गॉड'. तिघांचा बँड. इथे रिफ गुणगुणता येईल अशी अपेक्षा ठेवू नका, मघाशी सांगितलेला नियम इथे मोडतो. सूर मुद्दाम एकमेकांना टोचतात, ड्रम कधी गिटारच्या मागे तर कधी पुढे वाहतात. कृष्णेला पूर येतो तेव्हा आयर्विन पुलावरून खाली बघितलंय? वरून पाणी सपाट दिसतं आणि आत भोवरे फिरत असतात. तसलं काहीतरी. पहिल्या दोन वेळा कळणार नाही, तिसऱ्यांदा अंगावर येईल.

पाचवा रविवारी रात्री. सिअ‍ॅटलच्या बेल विचचा २०१७ चा 'मिरर रीपर'. एकच गाणं, ८३ मिनिटांचं. गिटार नाही, फक्त बास, ड्रम, ऑर्गन आणि आवाज. हा अल्बम होत असतानाच त्यांचा आधीचा ड्रमवादक एड्रियन गेरा वारला. अल्बम त्याच्या स्मरणार्थ आहे आणि त्याचा जुन्या ध्वनिमुद्रणातला आवाज त्यात वापरलाय. दिवे घालवा, फोन उलटा ठेवा. अर्ध्यात झोप लागली तर लागू दे.

पाचही झाल्यावर जो आवडला असेल त्याच्याच घराण्यात पुढे जा. सगळं आवडलंच पाहिजे अशी सक्ती नाही. मला स्वतःला अतिवेगवान ब्रूटल डेथ मेटल दहा मिनिटांपुढे सोसत नाही. त्यात मुंबईच्या गटस्लिटचं नाव जगभर घेतलं जातं, आणि मी मान डोलावून दुसरीकडे वळतो.

४. नवं शोधायचं कुठे

स्पॉटिफाय, यूट्यूब तुम्हाला माहीत आहेच. ते जे सुचवतात ते आधीच लोकप्रिय असलेलं. खऱ्या शोधासाठी दोन ठिकाणं पुरेशी आहेत.

एक, मेटल आर्काइव्ह्ज. २००२ पासून चाहत्यांनीच चालवलेला कोश, दीड लाखाहून जास्त बँडांची नोंद. देश निवडा आणि यादी बघा. बोट्सवाना, सौदी अरेबिया, नेपाळ, बांगलादेश, श्रीलंका, कुठेही बोट ठेवा. एका पावसाळी रात्री मी भारताची यादी चाळत बसलो आणि पहाटे कोंबडं आरवल्यावर भान आलं. एखादा बँड आवडला की त्याच्या पानावर सभासदांची नावं दिसतात. ड्रमवाला आणखी कोणत्या बँडात आहे ते बघा आणि तिकडे जा. माझे निम्मे आवडते बँड असे पाहुण्याच्या पाहुण्याकडून ओळखीचे झालेत.

दोन, बँडकँप. इथे छोटे बँड स्वतः अल्बम ठेवतात, विकत घेण्याआधी पूर्ण ऐकता येतो. पण बँडापेक्षा लेबल फॉलो करा, ही माझी कळकळीची सूचना. लेबलवाला म्हणजे भाजीमंडईतला तुमचा ठरलेला माणूस. एकदा त्याची निवड पटली की रोज सगळी मंडई फिरावी लागत नाही. मुंबईचं ट्रान्सेंडिंग ऑब्स्क्युरिटी, अमेरिकेतली ट्वेन्टी बक स्पिन आणि डार्क डिसेंट, इटलीचं आय व्हॉइडहँगर. सुरुवातीला ही चार भरपूर झाली. पहिलं तर आपल्याच राज्यातलं आहे आणि तरी त्याच्याकडे जगभरचे बँड येतात. हे मी सांगितल्यावर पोरांचा विश्वास बसत नाही.

बँडाचा लोगो वाचता आला नाही तर लाजू नका. बाभळीचं झुडूप उपटून मुळासकट कागदावर ठेवल्यासारखे ते मुद्दामच काढतात. नाव खाली साध्या अक्षरात असतं.

५. पैसे

फुकट ऐका, पण महिन्याला एक तरी अल्बम विकत घ्या. डिजिटल अल्बम साधारण ७ ते १० डॉलरला असतो. काही बँड "वाटेल ते द्या" असं ठेवतात, त्यात शून्यही चालतं. बँडकँप डिजिटल विक्रीवर १५ टक्के आणि कॅसेट, टीशर्टवर १० टक्के कापून घेतं. २०२० च्या मार्चपासून त्यांनी 'बँडकँप फ्रायडे' सुरू केला. त्या दिवशी कंपनी आपला वाटा सोडते. दर महिन्याला नसतो, तारखा आधी जाहीर होतात. गोम अशी की हा शुक्रवार अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या घड्याळावर चालतो. म्हणजे आपल्याकडे, त्यांच्या उन्हाळ्यात, शुक्रवारी दुपारी साडेबाराला सुरू आणि शनिवारी दुपारी साडेबाराला बंद, त्यांच्या हिवाळ्यात दीड ते दीड. मी सुरुवातीला दोनदा शुक्रवारी सकाळी उठून पैसे भरले आणि बँडाला काहीच जास्त मिळालं नाही.

पैसे जाताना अडकले तर आधी बँकेच्या अ‍ॅपमध्ये कार्डाचा परदेशी वापर चालू आहे का बघा. तो मुळात बंद असतो. काम झालं की पुन्हा बंद करा. डाउनलोड करताना जागा असेल तर फ्लॅक (दर्जा न घटवता साठवलेली मोठी फाइल) घ्या, नाहीतर एमपीथ्री. ऐकण्यात पडणारा फरक रिक्षात कळणार नाही, रात्री शांत खोलीत कदाचित कळेल.

कॅसेट मागवायचा मोह होईल. अंडरग्राउंड मेटलमध्ये कॅसेट कधी मेलीच नाही, शंभर-दोनशे प्रतींचे अल्बम आजही निघतात. माझी पहिली युरोपातून आली. अडीच महिने लागले, वर कस्टमचे पैसे भरावे लागले, कॅसेटच्या किमतीच्या निम्मे. पोस्टमनकाकांनी पाकीट हलवून विचारलं, "गोळ्या-बिळ्या हायत काय?" आईसमोर उघडलं तर कव्हरवर सांगाड्यांचा ढीग. तो आठवडा मी कमी बोललो. पुढची अडचण म्हणजे कॅसेट वाजवायची कशावर. वडिलांचा वॉकमन माळ्यावर होता, पण आतला रबरी पट्टा विरघळून काळा डांबर झालेला. पेठेतल्या एका जुन्या रेडिओ दुरुस्तीवाल्याने कापसाला स्पिरिट लावून तो डांबर खरवडला आणि दुसऱ्या कुठल्यातरी यंत्रातला पट्टा बसवून दिला. वेग किंचित कमी भरतो, त्यामुळे माझ्याकडचा प्रत्येक बँड मूळपेक्षा थोडा खालच्या पट्टीत वाजतो. थोडक्यात, आधी वॉकमन, मग कॅसेट.

६. कव्हरमागे कोण आहे ते बघा

रक्त, भुतं, सैतान हे बहुतेक ठिकाणी नाटक आहे. विष्णुदास भाव्यांच्या गावात १८४३ पासून राक्षस रंगमंचावर येतायत, त्याला आपण बिचकायचं कारण नाही. पण या इतिहासात खऱ्या गोष्टीही आहेत. नॉर्वेत १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्लॅक मेटलच्या वर्तुळातल्या पोरांनी चर्चं जाळली, १९९३ मध्ये मेहेम या बँडच्या गिटारवादकाचा दुसऱ्या एका संगीतकाराने खून केला. आणि ब्लॅक मेटलच्या एका कोपऱ्यात आजही उघड नाझी विचारांचे बँड आहेत. पैसे देण्याआधी बँडाचं आणि लेबलचं नाव टाकून पाच मिनिटं शोधा. त्या कव्हरवरचं चिन्ह आपल्या उंबऱ्यावरच्या स्वस्तिकासारखं दिसलं म्हणून भुलू नका, तिथे त्याचा अर्थ दुसरा असतो आणि तो त्यांना नीट माहीत असतो.

७. आवाज, आणि प्रत्यक्ष ऐकणं

गणपतीत डॉल्बीसमोर उभं राहून ज्यांनी छाती हलवून घेतलीय त्यांना मोठ्या आवाजाचं कौतुक सांगायला नको. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने ८० डेसिबल आठवड्याला ४० तास चालतं, ९० डेसिबल ४ तास, आणि १०० डेसिबल फक्त २० मिनिटं. मेटल कमी आवाजातही चांगलं लागतं. मिरवणुकीनंतर दोन दिवस तरी हेडफोनला हात लावू नका.

सांगलीत असे कार्यक्रम होत नाहीत, त्यासाठी पुणे, मुंबई किंवा बेंगळुरू गाठावं लागतं. बेंगळुरू ओपन एअर हा खास मेटलचाच महोत्सव. मिरजेहून राणी चन्नम्मा एक्सप्रेसमध्ये बसलं की सकाळी बेंगळुरू. पहिल्यांदा जात असाल तर स्टेजपासून मागे, मिक्सिंगच्या टेबलाजवळ उभे राहा. तिथे आवाज सगळ्यात नीट लागतो आणि पुढच्या धक्काबुक्कीतून चष्माही वाचतो. कोणी पडलं तर आजूबाजूचे चटकन हात देऊन उठवतात, तुम्हीही उठवा. मेडिकलमधून फोमचे इअरप्लग घेऊन जा, पन्नासेक रुपयांत मिळतात. परतीच्या गाडीत बेळगाव गेलं तरी कानात शिट्टी वाजत असेल, तर ते खिशातच राहिले होते.